लाकडी फर्निचरचे पारदर्शक पॉलिश

लाकडाचा मूळ रंग आणि त्यावरील रेषा न झाकता त्याचे ओल, मळ व ओरखडे यांपासून रक्षण करणाऱ्या आणि त्यास चकाकी देणाऱ्या लेपनास पारदर्शक पॉलिश असे म्हणतात. लाख, वाळणारी तेले, नायट्रोसेल्युलोज लॅकर, मेलामाइन व पॉलियुरेथेन ही या लेपनाची प्रमुख द्रव्ये होत. तैलरंगापेक्षा हे लेपन स्वभावतःच वेगळे आहे. तैलरंगातील रंगद्रव्यामुळे खालचे लाकूड दिसेनासे होते व त्याबरोबर कामातील उणिवाही झाकल्या जातात. पारदर्शक पॉलिशमध्ये मात्र रंध्याची खूण, सरसाचा डाग आणि आडवा ओरखडा हे सर्व आधीपेक्षा अधिक ठळक दिसू लागते.

घरी केलेल्या किंवा गावातील सुताराकडून करवून घेतलेल्या फर्निचरला चकाकी आणणे फारसे कठीण नाही. ती सर्व भागांवर सारखी आणणे कठीण आहे. कारखान्यात हवेतील ओलावा, तापमान आणि थराची जाडी यांवर नियंत्रण ठेवता येते. ओसरीत किंवा अंगणात काम करताना हे तिन्ही घटक ऋतूच्या हाती असतात. त्यामुळे एकाच डब्यातील पॉलिश मे महिन्यात एक रूप घेते आणि ऑगस्टमध्ये दुसरे. हा फरक वऱ्हाडात विशेष जाणवतो. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील तालुक्याचे गाव त्याचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येते.

## चकाकीचे स्वरूप

पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परत आला, तर तो पृष्ठभाग चकचकीत दिसतो. तोच प्रकाश सर्व दिशांना विखुरला गेला, तर पृष्ठभाग मंद दिसतो. पॉलिशचा थर कोणत्याही द्रव्याचा असला, तरी त्याचा अपवर्तनांक साधारणपणे १.५ च्या आसपास असतो. म्हणून चकाकीतील फरक मुख्यतः द्रव्यामुळे पडत नाही, तर थराच्या वरच्या पातळीवरील अतिसूक्ष्म उंचसखलपणामुळे पडतो. हा उंचसखलपणा डोळ्यांना दिसत नाही. मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत तो पुरेसा मोठा असतो.

चकाकी मोजण्यासाठी ग्लॉसमीटर हे उपकरण वापरतात. त्यात बहुधा ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकून परावर्तित प्रकाश मोजला जातो. १.५६७ अपवर्तनांक असलेल्या गुळगुळीत काळ्या काचेची चकाकी १०० एकके मानलेली आहे. या मापनात १० एककांपेक्षा कमी चकाकीस सामान्यतः मॅट म्हणतात, सुमारे २५ ते ४० एककांस सॅटिन आणि ७० च्या वरील चकाकीस ग्लॉसी म्हणतात. या सीमा उत्पादकागणिक थोड्याफार बदलतात. घरगुती कामात उपकरणाची गरज नसते. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश पृष्ठभागाला जवळजवळ समांतर टाकला, तर चकाकीतील चट्टे तत्काळ दिसतात. दिवसा दाराकडून येणाऱ्या तिरप्या उजेडातही ही परीक्षा होते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली मात्र ती कधीच नीट होत नाही.

मॅट आणि सॅटिन पॉलिशमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. थर वाळून आकसतो तेव्हा हे कण पृष्ठभागाशी येऊन त्यास सूक्ष्म खडबडीतपणा देतात. डबा काही दिवस स्थिर राहिला की हे कण तळाशी बसतात. न ढवळता वरचे द्रव वापरले, तर सुरुवातीचे भाग चकचकीत आणि डबा संपत आल्यावर केलेले भाग निस्तेज होतात. एकाच दिवाणाचे डोके आणि पाय वेगळे दिसण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे, आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षिलेही जाते. त्यावरचा उपाय म्हणजे चपट्या काठीने तळापासून सावकाश ढवळणे. डबा जोराने हलवल्यास हवेचे बुडबुडे मिसळतात व ते थरात राहून जातात. दोन डबे लागणार असतील, तर आधी दोन्ही एका भांड्यात एकत्र करून घेतात.

## वऱ्हाडातील लाकूड

वऱ्हाडात फर्निचरसाठी सागवानास पहिली पसंती असते. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील मेळघाटच्या सातपुडा डोंगररांगांत सागाची पानझडी वने असून त्यांच्या पायथ्याशी असलेले परतवाडा हे लाकडाच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. बार्शीटाकळीच्या दक्षिणेस काटेपूर्णा नदीच्या खोऱ्यातही सागमिश्रित वन आढळते. तेथील काटेपूर्णा अभयारण्य संरक्षित आहे. सागाखेरीज बाभूळ, कडुनिंब, आंबा आणि शिसव यांचा वापर होतो. बाभळीचे लाकूड पूर्वी प्रामुख्याने बैलगाड्या व शेतीच्या अवजारांसाठी राखले जाई. ते कठीण असून नीट तासले तर उत्तम चकाकी घेते. घरगुती फर्निचरमध्ये मात्र अनेकदा हाताशी असलेले सर्व लाकूड एकत्र येते: जुन्या घराच्या पाडकामातील सागाचे खांब, शेतातील कडुनिंब आणि बाजारातील प्लायवूड. ही मिसळ असमान चकाकीचे एक मुख्य कारण आहे, कारण प्रत्येक लाकूड पहिला थर वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते.

एकट्या सागातही भेद असतात. गाभ्याचे सोनेरी तपकिरी लाकूड घट्ट व तेलकट असते. त्याबाहेरील पांढुरका भाग, म्हणजे रसकाष्ठ, अधिक शोषक असतो व त्यास कीडही लवकर लागते. शिवाय साग वलयसच्छिद्र आहे. वर्षवलयाच्या आरंभी त्यात मोठ्या नलिका असतात व त्या पृष्ठभागावर बारीक खाचांच्या रूपाने दिसतात. या खाचा न भरल्यास आरशासारखी चकाकी कधीच येत नाही. फळीच्या टोकाकडील आडवा छेद तर नळ्यांच्या जुडीसारखा असतो. तो इतर भागांच्या कितीतरी पट पॉलिश पितो आणि कोरडा, काळपट दिसतो.

सागातील नैसर्गिक तेलकट व क्विनोनवर्गीय द्रव्ये त्यास वाळवीपासून वाचवतात. हीच द्रव्ये हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळणाऱ्या तेलांना व काही वार्निशांना वाळू देत नाहीत. त्यामुळे सागावरील जवसाचे तेल कधी कधी कित्येक दिवस चिकट राहते. लाख आणि नायट्रोसेल्युलोज लॅकर ही द्रव्ये केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतात, म्हणून त्यांना ही अडचण फारशी येत नाही. सागाचा पृष्ठभाग थिनरने पुसून लगेच पहिला थर देण्याची पद्धत याच कारणाने पडली आहे. पुसल्यानंतर वेळ गेला, तर आतील तेलकट द्रव्ये पुन्हा वर येतात.

## हवामान आणि हंगाम

अकोला व लगतच्या भागात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. पावसाळ्यात हीच हवा ओलाव्याने भरते. हिवाळ्यातील पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरू शकते. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असते. २० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या उष्ण हवेत दीर्घकाळ ठेवलेल्या सामान्य लाकडातील ओलावा सुमारे ४ ते ५ टक्क्यांवर स्थिरावतो, तर ८० टक्के आर्द्रतेत तो १५ ते १६ टक्क्यांपर्यंत चढतो. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी फुगतो व कमी आकसतो. तरीही रुंद फळीच्या रुंदीत ऋतुमानानुसार काही मिलिमीटरचा फरक पडू शकतो. उन्हाळ्यात घट्ट जोडलेल्या चौकटीवरचा कडक थर पावसाळ्यात सांध्याजवळ तडकतो, तो यामुळे.

चकाकीवर हवामानाचा थेट परिणाम होतो तो थर वाळत असताना. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, आणि ओला थर भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. पावसाळ्यात २७ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे २४ अंशांवर असतो. म्हणजे थर जेमतेम तीन अंशांनी थंड झाला, तरी त्यावर हवेतील बाष्प साचू लागते. हे पाणी थरात अडकून पांढुरका, धुरकट डाग पडतो. त्यास कारागीर ‘पॉलिश फुलले’ किंवा ‘पांढरे पडले’ असे म्हणतात. मे महिन्यातील दुपारी ४२ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे १० अंशांवर असतो, त्यामुळे हा दोष उद्‌भवत नाही.

उन्हाळ्यात त्याऐवजी उलटी अडचण येते. द्रावक इतक्या झपाट्याने उडतो की थराला सपाट पसरण्यास वेळच मिळत नाही. ब्रशच्या रेषा तशाच राहतात, दोन पट्टे जेथे एकमेकांवर येतात तेथे जाड ओळ उमटते, आणि फवाऱ्याने दिलेला थर संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. फवाऱ्यातून निघालेले थेंब लाकडावर पोहोचण्यापूर्वीच अर्धवट वाळले, तर पृष्ठभाग हाताला वाळूसारखा लागतो. भर उन्हात तापलेल्या फळीवर पॉलिश केल्यास लाकडातील हवा प्रसरण पावून बाहेर पडते व थरात टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. म्हणून उन्हाळ्यातील काम सकाळी लवकर, सावलीत करणे इष्ट ठरते. हळू उडणारा द्रावक, ज्यास बाजारात रिटार्डर म्हणतात, अल्प प्रमाणात मिसळल्याने उन्हाळ्यातील रेषा आणि पावसाळ्यातील पांढुरकेपणा हे दोन्ही दोष कमी होतात. त्याचे प्रमाण वाढल्यास थर अनेक दिवस मऊ राहतो.

या दृष्टीने वऱ्हाडात पॉलिशचा सर्वोत्तम काळ दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा होय. या महिन्यांत पाऊस नसतो, दुपारचे तापमान मध्यम असते आणि लाकूड पावसाळ्याच्या ओलाव्यातून बाहेर आलेले असते. व्यवहारात मात्र मागणी वेगळ्याच वेळी येते. लग्नसराईतील दिवाण व आलमाऱ्या ऐन उन्हाळ्यात लागतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी साजऱ्या होणाऱ्या तान्ह्या पोळ्यासाठी मुलांचे लाकडी बैल श्रावणात, म्हणजे वर्षातील सर्वांत दमट दिवसांत, चकचकीत करावे लागतात. या बैलांवर लाखेचे किंवा लॅकरचे पॉलिश पावसाच्या उघडिपीत दुपारी, पातळ थरांनी दिल्यास पांढरे पडण्याचा धोका बराच टळतो.

बार्शीटाकळीसारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात धूळ ही वेगळी अडचण आहे. नांगरटीच्या व वावटळींच्या दिवसांत ही बारीक माती बंद खोलीतही शिरते. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवणे, पंखा बंद ठेवणे आणि पॉलिश करण्यापूर्वी किमान अर्धा तास खोलीत झाडलोट न करणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

## पृष्ठभागाची तयारी

अंतिम चकाकीचा मोठा भाग पहिला थर देण्यापूर्वीच ठरलेला असतो. रंध्याने तासलेल्या लाकडावर प्रथम ८० किंवा १०० नंबरचा, नंतर १२०, १८० आणि शेवटी २२० नंबरचा काचपेपर रेषांच्या दिशेने फिरवतात. मधला एखादा नंबर गाळल्यास आधीचे खोल ओरखडे नाहीसे होत नाहीत. ते कोरड्या लाकडावर दिसत नाहीत आणि पॉलिशचा हात फिरताच उठून दिसतात. सर्व भाग एकाच नंबरपर्यंत घासणे महत्त्वाचे आहे. दिवाणाचा वरचा भाग २२० पर्यंत आणि पाय १२० पर्यंतच घासले, तर एकच पॉलिश दोन्हींवर भिन्न दिसते. आडव्या छेदाला याला अपवाद करतात. तो ३२० किंवा ४०० नंबरपर्यंत घासल्याने त्याच्या नलिकांची तोंडे काही अंशी बंद होतात व तो इतर भागांच्या जवळ येतो.

सांध्यातून बाहेर आलेला सरस किंवा पांढरा डिंक ओल्या फडक्याने पसरवून पुसण्याची सवय घातक आहे. त्याचा पातळ थर लाकडात मुरतो आणि पुढे तेवढ्याच जागी पॉलिश शिरत नाही. अर्धवट सुकलेला डिंक पटाशीने खरवडून काढणे अधिक योग्य. संपूर्ण पृष्ठभाग एकदा थिनरने ओला केल्यास असे डाग फिकट ठिपक्यांच्या रूपाने दिसतात व थिनर उडून जाईपर्यंत त्यांवर खूण करून ठेवता येते.

पूर्ण चकचकीत पृष्ठभाग हवा असल्यास सागाच्या खाचा भरून घेतात. यासाठी तयार फिलर मिळते. जुन्या पद्धतीत खडूची भुकटी जवसाच्या तेलात कालवून, लाकडाच्या रंगाशी जुळावी म्हणून त्यात थोडा गेरू मिसळत. हे मिश्रण रेषांना आडवे चोळून खाचांत दाबतात आणि उरलेले तरटाच्या तुकड्याने पुसून काढतात. सॅटिन किंवा मॅट काम करावयाचे असल्यास खाचा मोकळ्या ठेवणेच पुष्कळांना आवडते, आणि सागाच्या बाबतीत ते शोभूनही दिसते.

## लेपनद्रव्ये

लाख हे भारतीय उपखंडातील सर्वांत जुने लेपनद्रव्य होय. केरिया लॅक्का या कीटकाच्या मादीने पळस, बोर व कुसुम या झाडांच्या फांद्यांवर स्रवलेल्या राळेपासून ते मिळते. शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणलेल्या लाखेस चपडा किंवा चपडी म्हणतात. भारतात तिचे मुख्य उत्पादन झारखंड व छत्तीसगड या राज्यांत होते. रांची येथे १९२४ मध्ये भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली. खरादीवरील लाखकाम महाराष्ट्रात सावंतवाडी येथे प्रसिद्ध आहे. खरादीवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. तेथे द्रावक लागतच नाही. फर्निचरच्या सपाट भागांवर मात्र ही पद्धत चालत नाही, म्हणून चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतात. भारतातून निर्यात झालेल्या याच लाखेवर युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पॉलिशची पद्धत विकसित झाली आणि त्याच नावाने ती परत येथे आली.

एक लिटर स्पिरिटमध्ये १२५ ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून घेतात. कापसाचा बोळा जुन्या मऊ मलमलीत गुंडाळून त्यावर हे द्रावण घेतात व प्रथम सरळ, मग वर्तुळाकार आणि इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे हात फिरवतात. बोळा अडखळू नये म्हणून त्यास तेलाचा एखादा थेंब लावतात. प्रत्येक थर इतका पातळ असतो की दोष साचत नाहीत आणि साचलाच तर पुढच्या हातात विरघळून जातो. सारखी चकाकी मिळवण्याची हाताने साध्य होणारी ही सर्वांत खात्रीची पद्धत मानली जाते. तिला लागणारा वेळ हाच तिचा मोठा दोष. लाखेचे द्रावण जुने झाल्यावर नीट वाळत नाही. काचेवर एक थेंब पसरून तो काही वेळात कडक झाला नाही, तर असे द्रावण टाकून द्यावे. लाखेचा थर सुमारे ७० अंशांना मऊ पडतो व पाण्याने पांढरा होतो. गरम चहाचा कप थेट ठेवला की पांढरे कडे उमटते, म्हणून जेवणाच्या टेबलासाठी लाख योग्य नाही. देव्हारा, चौरंग, पेटी किंवा भिंतीवरील चौकट यांसाठी ती उत्तम आहे.

जवस हे विदर्भातील रब्बीचे एक पारंपरिक पीक असून त्याचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. कच्चे तेल वाळण्यास अनेक दिवस लागतात. बाजारात मिळणाऱ्या पक्क्या तेलात वाळण्याची गती वाढवणारे धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेल लाकडात मुरत असल्याने त्याची चकाकी मंद व उबदार असते आणि ब्रशच्या रेषांचा प्रश्न येत नाही. ते लावून १५ ते २० मिनिटांनी उरलेले सर्व पुसून काढणे आवश्यक असते, अन्यथा चिकट चट्टे राहतात.

नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२० च्या दशकात मोटारगाड्यांच्या रंगकामातून प्रचारात आले. ते झपाट्याने वाळते, त्यामुळे धूळ बसण्यास कमी अवधी मिळतो. त्याखाली सीलरचे एक-दोन हात देऊन घासून घेतात. मेलामाइन व दोन घटकांचे पॉलियुरेथेन ही रासायनिक क्रियेने घट्ट होणारी लेपने असून पाणी, उष्णता व ओरखडे यांना ती अधिक टिकतात. त्यांचे मिश्रण ठराविक काळातच वापरावे लागते आणि घटकांचे प्रमाण मापून घ्यावे लागते. अंदाजाने ओतलेला हार्डनर हे थर मऊ राहण्याचे नेहमीचे कारण आहे. पॉलियुरेथेनचा हार्डनर पाण्याशीही क्रिया करतो व त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. त्यामुळे दमट दिवशी किंवा ओल्या लाकडावर थरात बारीक बुडबुडे येतात. मेण असलेल्या साध्या लाखेवर पॉलियुरेथेन नीट धरत नाही; लाख खाली द्यावयाची असल्यास ती मेणविरहित असावी लागते.

## सर्वत्र सारखी चकाकी

पहिला हात शक्य तितका पातळ करून देतात. त्याचे काम शोषण थांबवणे एवढेच असते. तो वाळल्यावर लाकडाचे उभे राहिलेले तंतू ३२० नंबरच्या काचपेपरने हलकेच काढतात. शोषक भागांवर, म्हणजे आडवे छेद, रसकाष्ठ आणि कडुनिंब किंवा आंब्याचे तुकडे यांवर, हा पातळ हात आणखी एकदा देतात. वाळल्यानंतर सर्व भाग सारखे मंद दिसू लागले म्हणजे शोषण थांबले असे समजावे. यापूर्वी जाड थर देणे व्यर्थ जाते.

मधले थर चकचकीत प्रकारचे असावेत आणि सॅटिन किंवा मॅट हवे असल्यास फक्त शेवटचा हात त्या प्रकारचा द्यावा, असा सर्वमान्य संकेत आहे. सर्वच थर मॅट दिल्यास सिलिकाच्या कणांमुळे लाकडाच्या रेषा धुक्याआड गेल्यासारख्या दिसतात. मॅट थराची चकाकी त्याच्या जाडीवरही अवलंबून असते. म्हणून शेवटचा हात दुरुस्तीविना एका दमात पूर्ण करावा लागतो. वाळू लागलेल्या मॅट थरावर ब्रश पुन्हा फिरवला, तर तेथे कायमचा चट्टा पडतो.

उभ्या भागांवरून द्रव खाली ओघळते, त्यामुळे तेथे थर पातळ राहतो. आलमारीची दारे काढून आडवी ठेवणे, बंगईची पाटी कड्यांतून मोकळी करणे आणि दिवाण उलटा-सुलटा करून एका वेळी एकच भाग आडवा आणणे हे कंटाळवाणे असले, तरी दारांवरील आणि चौकटीवरील चकाकी जुळण्यास दुसरा सोपा मार्ग नाही. ब्रश फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यावा व पुढचा पट्टा आधीच्या ओल्या कडेला लागूनच ओढावा. धारदार कोपऱ्यांवर पृष्ठताणामुळे थर पातळ होतो व घासताना तेथील पॉलिश पूर्ण निघून जाते. म्हणून कडा काचपेपरने किंचित गोल करतात व मधले थर घासताना त्यांना स्पर्श करत नाहीत.

इतके करूनही चकाकीत फरक राहिल्यास तो घासून एकसारखा करता येतो. थर पूर्ण घट्ट झाल्यावर १००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून सर्व भाग सारखेच निस्तेज करतात. त्यानंतर अतिबारीक पोलादी लोकर व मेण यांनी रेषांच्या दिशेने घासले तर सॅटिन, आणि १५०० व २००० नंबरनंतर रबिंग कंपाउंड वापरले तर आरशासारखी चकाकी येते. मॅट थरावर मात्र ही युक्ती चालत नाही. घासलेल्या जागी तो चमकू लागतो. नायट्रोसेल्युलोजचा थर अनेक दिवस आकसत राहतो व सागाच्या खाचांत खचतो, म्हणून अंतिम घासणीपूर्वी किमान दोन ते तीन आठवडे थांबणे हितावह असते. लग्नाची तारीख जवळ आली की ही पायरी सर्वप्रथम वगळली जाते.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी त्याच फळीच्या तुकड्यावर किंवा फळीच्या खालच्या बाजूवर सर्व थर क्रमाने देऊन पाहतात. एका थराचा नमुना पुरेसा नसतो.

## सुरक्षितता

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून एका ठिकाणी टाकल्यास ती कोणत्याही ठिणगीविना पेट घेऊ शकतात. तेल वाळताना उष्णता निर्माण होते व ढिगाच्या आत ती कोंडली जाते. वऱ्हाडातील उन्हाळ्यात भोवतालची हवाच तापलेली असल्याने हा धोका वाढतो. अशी फडकी उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

स्पिरिट व थिनर यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरवरच्या चुलीपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. ते पोटात गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा संवेदनशीलता निर्माण झाल्यावर अल्प संपर्कही त्रासदायक ठरतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणारे कोळशाचे गाळण असलेला मास्क लागतो. घरात फवाऱ्याने पॉलियुरेथेन मारणे टाळणेच योग्य. ब्रशने देता येणारी जलाधारित लेपने या बाबतीत बरीच सौम्य आहेत. त्यांच्या पहिल्या हाताने लाकडाचे तंतू अधिक उभे राहतात एवढेच.

## निगा व दुरुस्ती

लाख आणि नायट्रोसेल्युलोज यांचा जुना थर त्यांच्याच द्रावकात पुन्हा विरघळतो. त्यामुळे ओरखड्यावर दिलेला नवा हात जुन्यात मिसळून जातो व जोड दिसत नाही. पावसाळ्यात पांढरा पडलेला ताजा थरही कोरड्या दिवशी स्पिरिटचा किंवा रिटार्डरचा अगदी हलका हात फिरवल्यास अनेकदा पुन्हा पारदर्शक होतो. मेलामाइन व पॉलियुरेथेन विरघळत नाहीत. त्यांवर ठिगळ लावल्यास त्याची कड दिसते, म्हणून सांध्यापासून सांध्यापर्यंतचा पूर्ण भाग घासून नव्याने करावा लागतो.

सॅटिन व मॅट पृष्ठभाग वापराने हळूहळू चमकू लागतात. बंगईच्या पाटीची पुढची कड, खुर्चीचे हात आणि आलमारीच्या मुठीभोवतीचा भाग कपड्यांच्या व तळव्यांच्या घर्षणाने काही वर्षांत इतर भागांहून चकचकीत होतो. कोरड्या फडक्याने रोज जोरात पुसल्यासही हेच घडते. अशा जागा अतिबारीक पोलादी लोकरीने रेषांच्या दिशेने हलकेच घासून, मेणाचा एक पातळ हात दिल्यावर पुन्हा भोवतालच्या भागाशी जुळतात.